विहिरीकडची वीस झाडं

१४ एप्रिल

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. रोज तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरलं, त्यात कधी खाडाखोड नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी संध्याकाळ झाली की हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. म्हणून ही वही. बागेत जे घडेल ते तारखेसह लिहिणार, चुकलो तर चुकलो म्हणून लिहिणार. आणि बरोबर असलो तर तेही ठासून लिहिणार, कारण आमच्या घरात शाबासकी द्यायची पद्धत नाही.

गिरडहून अडीच किलोमीटरवर आमची संत्र्याची बाग. चौदा ओळी, दर ओळीत वीस, म्हणजे दोनशे ऐंशी झाडं. शेजारच्या बागेचे रूपरावजी लोकांना तीनशे सांगतात, मी दर वेळी दुरुस्त करतो. झाडं सहा वर्षांची झाली. यंदा पहिला बहार धरायचा.

माझे बाबा, चिंधूजी थूल, दुसऱ्याच्या बागेत बावीस वर्षं सालदार होते. आळी करणं, पाणी देणं, फळ उतरवणं सगळं त्यांच्याकडे, झाड मात्र एकही त्यांचं नव्हतं. थूलांच्या घरातल्या माणसानं आपल्या झाडाचं फळ आपल्या हातानं तोडायचं, एवढं एकच मला करून दाखवायचं आहे. यंदा जमलं नाही तर गिरडच्या टपरीवर म्हणतील, कंडक्टर झाडाईले तिकीट फाडत बसला.

चला, जयंतीच्या मिरवणुकीची वेळ झाली. अन्नपूर्णेनं पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला आहे.

२४ एप्रिल

आजपासून ताण. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मोटरच्या पेटीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

संत्र्याचं शास्त्र सोपं आहे, पण छाती लागते. ऐन उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं. तहानेनं पानं वळतात, पिवळी पडतात, चौथा हिस्सा गळतात. मग मृगाचं पाणी पडलं की तेच झाड जिवाच्या आकांतानं फुलतं. याला मृग बहार म्हणतात, फळ फेब्रुवारी-मार्चात. दया येऊन मध्येच पाणी दिलं तर झाड खाऊन-पिऊन हिरवंगार राहतं आणि फूल धरत नाही.

आम्ही दोघं बागेतल्याच दोन खोल्यांत राहतो. घरच्या हौदापुरती मोटर रोज दहा मिनिटं चालेल, तीही मीच लावणार, असं अन्नपूर्णेला सांगितलं.

"एक थेंब बी नाई द्याचा झाडाईले?"

"एक थेंब बी नाई."

"अन् मेले तं?"

"मरत नाईत. शास्त्र आहे ते."

ती पाण्याची घागर, आमच्याकडे गुंड म्हणतात ती, उचलून हौदाकडे गेली. पटलं असावं.

३ मे

ताणाचा नववा दिवस. पानं अजून तुकतुकीत आहेत. रोजचा कार्यक्रम ठरला आहे: पहाटे बागेत चक्कर, आठला गिरडला जाऊन टपरीवर पेपर, साडेदहाला परत, जेवण, कूलरपुढे झोप. ड्यूटीवर असताना अशी शिस्त ठेवता आली नव्हती.

रूपरावजींची बाग चाळीस वर्षांची. धुऱ्यावर, दोन बागांमधल्या बांधावर, उभे राहून ते म्हणाले, "भाऊ, पहिलाच बहार हाये. अर्ध्या बागेलेच ताण द्या."

मी म्हटलं, "अर्ध्या गाडीचं तिकीट फाडत नाई मी."

ते हसले. मला वाटतं थोडे चिडलेही.

११ मे

ऊन असं की चप्पल सोडून चार पावलं टाकवत नाहीत. झाडांची पानं वळायला लागली. सकाळी पाहिलं आणि चक्कर अर्धीच सोडून परत आलो, हे कबूल करतो. पण मी मागे हटणारा माणूस नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम लिहितो. विहिरीकडची पहिली ओळ, चढावरची, अजून ताठ उभी आहे. त्या ओळीत गेल्या पावसाळ्याआधी मी स्वतः शेणखत, निंबोळी आणि राख यांचा माझा मसाला घातला होता. बाकी ओळींना नुसतं शेणखत. फरक समोर दिसतो आहे. अन्नपूर्णेला दाखवलं तर म्हणाली, "हाव, दिसते तं खरं." तिनं हौसेनं त्या ओळीच्या आळ्यांत पालापाचोळा जाड अंथरला आहे. म्हटलं, बाईलाही आता बागेची गोडी लागली.

१९ मे

हौद गळतो आहे. दोघांच्या वापराला तीन दिवस पुरायला हवं ते पाणी एका दिवसात तळाला जातं. आज सिमेंट आणून आतून पूर्ण गिलावा केला. सहा तास लागले. कंबर धरली, पण काम असं झालं की गवंड्यानं यावं आणि शिकून जावं.

अन्नपूर्णेचे दोन्ही खांदे दुखतात. वय झालं, दुसरं काय. रात्री तेल चोळून दिलं. पाण्याच्या गुंडाला मोठा पोचा आला आहे, कुठं आपटला विचारलं तर म्हणाली, "हातून सुटला."

२७ मे

नवतपाचा, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांतला, तिसरा दिवस. हौद पुन्हा गळतो. दुसरा गिलावा.

आज कृषी सहायक मयुरी आली. समुद्रपूरहून स्कूटीवर, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. पोरगी हुशार आहे, बोलते कमी. सगळी बाग फिरवली. पानं पिवळी, खाली गळलेल्या पानांचा सडा. "ताण बरोबर बसला काकाजी," म्हणाली. छाती फुगली माझी.

मग विहिरीकडची ओळ दाखवली. वीसच्या वीस झाडं हिरवी, मोत्यासारखी. माझा मसाला समजावून सांगितला, प्रमाणासकट. ती खाली वाकली, पाला बाजूला केला, माती चिमटीत घेतली. मग घराकडे पाहिलं. दारात अन्नपूर्णा उभी होती. दोघी कितीतरी वेळ एकमेकींकडे पाहत राहिल्या. बायकांचं काय चालतं ते बायकांनाच ठाऊक.

"काकाजी, ताण सगळ्या ओळीईले सारखाच देला ना?"

"मोटरची किल्ली माह्या खिशात हाये बेटा. तेहतीस दिवस झाले आज."

"हाव," म्हणाली, आणि काकूनं दिलेलं पन्हं पिऊन गेली.

टपरीवर मी सगळ्यांना सांगितलं आहे, पैज लावा, सगळ्यांत जास्त फूल विहिरीकडच्या ओळीला येणार.

६ जून

काल जेवलो नाही. पाचव्या ओळीतली दोन झाडं पार खराट्यासारखी झाली आहेत. पाऊस लांबला तर? मोटरच्या पेटीजवळ दोनदा जाऊन आलो. किल्ली बाहेर काढली, परत ठेवली.

अन्नपूर्णा म्हणाली, "तुमाले बी पाहवत नाई ना?"

मी म्हटलं, पाहवतं. खोटं बोललो.

१४ जून

पाऊस. एक्कावन्न दिवसांनी. पहिल्या पावसाचं कौतुक लिहिणारे पुष्कळ आहेत, मी एवढंच लिहितो की सायंकाळी पाच चाळीसला सुरू झाला, आळी भरली, आणि मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

५ जुलै

फुललं. फुललं. सकाळी दार उघडलं तर वासानं जागीच उभा राहिलो. पाचव्या ओळीतले ते दोन खराटेसुद्धा पांढरेशुभ्र. मधमाशांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. गिरडला जाताना जो भेटेल त्याला बागेत घेऊन आलो. बाबा असायला हवे होते.

विहिरीकडच्या ओळीला अजून फूल नाही. नवी पालवी मात्र भरघोस. जोमदार झाड थोडं उशिरा फुलतं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

९ जुलै

दोनशे साठ झाडं फुललेली. विहिरीकडच्या वीस झाडांवर एकही फूल नाही. एकेका फांदीवर बोट फिरवून पाहिलं.

टपरीवर विचारतात, "काय कंडक्टर साहेब, पैज कोणाची?"

११ जुलै

कारण सापडलं. ती ओळ रूपरावजींच्या धुऱ्याला लागून आहे. त्यांनी मे महिन्यात आपल्या बाजूला तणावर औषध मारलं होतं, मी पंप पाहिला होता. वारा आमच्याकडे वाहत होता. फूल जाळलं ते त्यांनी. चाळीस वर्षांच्या बागेशेजारी सहा वर्षांची बाग फुलली की डोळ्यांत खुपणारच.

आज टपरीवर पाचसहा जणांत हे बोललो. रूपरावजी तिथंच बाकावर होते. चहा अर्धा टाकून उठून गेले. दोषी माणूस असाच उठतो.

१२ जुलै

सकाळी रूपरावजी आले. फाटकाच्या आत पाय ठेवला नाही. बसा म्हटलं तर म्हणाले, "बसाले नाई आलो. काल चार लोकांत तुमी मले चोर ठरवलं. माह्या औषधानं जळलेलं एक पान दाखवा."

मी तोंड उघडणार तेवढ्यात अन्नपूर्णा चुलीपुढून उठून आली. हाताला पीठ होतं. ती रूपरावजींकडे पाहून बोलली, माझ्याकडे नाही.

"भाऊजी, तुमचा दोष नाई. त्या ओळीले मीच पाणी देलं. दीड महिना. आज दहा झाडं, उद्या दहा, एकेक गुंड."

मला वाटलं मला नीट कळलं नाही. "कवा?"

"तुमी पेपर वाचाले गेले का."

"काऊन पण?"

आता ती माझ्याकडे वळली. "पहिले दोन वर्षं ठिबकाचं पाणी ह्या चढावर चढतच नव्हतं. तुमी चंद्रपूरच्या गाडीवर मुक्कामाले. हे वीस झाडं मी डोक्यावर पाणी आणून जगवले. अन् आता तुमी कुलूप लावून म्हणता एक थेंब नाई. सकाळी दार उघडलं का हेच झाडं समोर. मले नाई पाहवलं. फूल येणार नाई हे बी माईत होतं. म्हटलं, दोनशे साठ तुमचे, वीस माहे."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी आयकलं असतं?"

रूपरावजी मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, "वहिनी, तुमी सांगतलं, झालं." मग मला म्हणाले, "हरिदासभाऊ, उद्या सकाळी दहा वाजता. त्याच टपरीवर." आणि गेले.

१३ जुलै

दहाला पाच कमी असताना पोचलो. ते पाचसहा जण होतेच, आणखी दहाबारा आले होते. उभा राहून म्हणालो, "परवा मी रूपरावजींवर खोटा आळ घेतला. त्यांच्या औषधानं काही झालं नाही. ताण माझ्याच बागेत चुकला. मी त्यांची माफी मागतो."

कोणीतरी मागून विचारलं, "अन् मसाल्याचं काय कंडक्टर साहेब?" सगळे हसले. मी तिथंच उभा राहिलो, पळालो नाही. रूपरावजींनी दोन चहा सांगितले आणि एक माझ्याकडे सरकवला. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही की पाणी कोणी दिलं. मीही नाही.

घरी आल्यावर ही वही पहिल्या पानापासून वाचली. हौद, गुंड, खांदे, पाला, सगळं माझ्याच अक्षरात आहे. दोनदा गिलावा केला, तोही तारखेसकट. एकतीस वर्षं गाडीत चढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून ओळखायचो, हा विनातिकीट आहे.

२१ जुलै

आषाढ पौर्णिमा. विहारात वर्षावास सुरू झाला, आजपासून रोज संध्याकाळी वाचन. आम्ही दोघं गेलो. नऊ दिवसांत घरात कामापुरतं बोलणं. राग आहे, लिहितो. माझं माझ्याच घरात हसं करून ठेवलं. आणि दुसरा राग आहे तो कोणावर ते नीट कळत नाही.

येताना चिखलात तिची चप्पल अडकली. मी ओढून काढली. ती म्हणाली, "पाचव्या ओळीतल्या त्या दोन झाडाईले बी फळ धरलं, पाह्यलं का?" मी पाहिलं नव्हतं.

२ सप्टेंबर

पोळा. आमच्याकडे बैल नाही, रूपरावजींच्या जोडीला पुरणपोळी नेली. आठ दिवस सततचा पाऊस, बागेत पाऊल घोट्यापर्यंत जातं. फळं लिंबाएवढी झाली आणि गळायला लागली. सकाळी टोपलीभर, संध्याकाळी टोपलीभर. आज मोजली, चारशे बारा.

परवा मयुरीला फोन केला. पाणी काढा म्हणाली. मी आणि अन्नपूर्णेनं दोन दिवस ओळींच्या मधून चर खणले. फावडं मी मारतो, गाळ ती ओढते. चराचा उतार मी घराकडे काढत होतो, तिनं नाल्याकडे काढायला लावला. पाणी कुठून येतं आणि कुठं थांबतं हे तिला एकेका झाडापाशी ठाऊक आहे. मी विचारलं, तुला कसं माहीत. म्हणाली, "पहिले तीन वर्षं तुमी इथं कुठं होते?"

खरं आहे. मी होतो गाडीवर. बाग केली, बाग केली म्हणून सांगत फिरलो.

६ सप्टेंबर

गळ थांबली. आज सकाळी सत्तावीस फक्त. चर माझे, उतार तिचा.

१५ ऑक्टोबर

नागपूरहून धम्मचक्र प्रवर्तन दिन करून आलो. पावसाळा सरला. दुपारी ऊन भाजतं, पहाटे पांघरूण लागतं. दोनशे साठ झाडांवर फळ हिरवं, गच्च. विहिरीकडची वीस झाडं पानांनीच भरलेली, रिकाम्या हातानं लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी उभी आहेत.

त्यांच्याकडे पाहून आता राग येत नाही. थोडी लाजच वाटते.

५ डिसेंबर

काल रात्री जेवताना अन्नपूर्णा म्हणाली, "विहिरीकडच्या ओळीचा आंबिया बहार धरू."

आंबिया म्हणजे हिवाळ्यातला बहार. डिसेंबरात पाणी तोडायचं, जानेवारीत द्यायचं, फूल फेब्रुवारीच्या तोंडावर, फळ दिवाळीत. मला हे सुचलं नव्हतं. ज्या झाडांवर मृगाचं फळ आहे त्यांना पाणी हवंच, पण ही वीस रिकामी आहेत, त्यांना ताण देता येतो. या ओळीच्या पाण्याचा कॉक वेगळा आहे.

"तुले कोणं सांगतलं?"

"मयुरीले इचारलं. रूपरावभाऊजीले बी इचारलं. दोघंबी हो म्हणते."

"अन् पाहवंन तुले?"

तिनं ताट बाजूला सारलं. "तवा तुमी ताण देला होता. आता मी देऊन राह्यली."

आज सकाळी आठ वाजता तिनं कॉक बंद केला आणि वर चिंधी बांधली, कोणी चुकून उघडू नये म्हणून. कोणी म्हणजे कोण, ते विचारलं नाही.

३ जानेवारी

ताणाचा एकोणतिसावा दिवस. थंडी कडक. तूर कापणीला आली. मृगाची फळं पिवळी व्हायला लागली, पण सकाळी दार उघडलं की पहिली दिसते ती विहिरीकडची ओळ. पानं मलूल, गळायला लागलेली. शेवटून तिसरं झाड तर पार झोपल्यासारखं. सहा महिन्यांपूर्वी हीच झाडं मी लोकांना बोट करून दाखवत होतो.

अन्नपूर्णा कुठल्याशा बचत गटाच्या बैठकीला गेली होती. मी हौदावर गुंड विसळत होतो. विसळून झाल्यावर त्यात पाणी राहिलं आणि ते घेऊन मी सहज त्या बाजूला गेलो, पाय मोकळे करायला.

"ठेवा थो गुंड खाली."

फाटकात उभी होती. कधी आली कळलं नाही.

मी म्हटलं, "विसळून राह्यलो होतो."

ती आली, माझ्या हातातून गुंड घेतला, सगळं पाणी पाचव्या ओळीत नेऊन ओतलं. परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "बारा दिवस कळ काढा," म्हणाली. मग आम्ही दोघं त्या झोपलेल्या झाडाजवळ उकिडवे बसलो. मी गळलेली पानं गोळा केली.

शेवटी मी म्हणालो, "माहं चुकलं अन्नपूर्णे. तुले इचाराले पाह्यजे होतं." संसाराच्या छत्तीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा. जड गेलं, पण मेलो नाही.

१५ जानेवारी

तिनं चिंधी सोडली. कॉक उघडला. एक्केचाळीस दिवस.

१२ फेब्रुवारी

विहिरीकडची वीसच्या वीस झाडं फुलली. पान दिसत नाही. शेवटून तिसरंही.

दुपारी आभाळ काळं झालं आणि गारा आल्या, बोराएवढ्या, सात मिनिटं. दोघं ओसरीत उभे. एकीकडे तोडणीला आलेलं फळ, दुसरीकडे कोवळं फूल, आणि आपण काहीच करू शकत नाही. तिनं माझा दंड धरला होता, नखं रुतली. थांबल्यावर धावलो. फळाच्या खालच्या दोन ओळींना मार बसला, बाकी वाचलं. फुलाचा पांढरा सडा पडला तरी झाडावर पुष्कळ होतं. जीव भांड्यात पडला.

२ मार्च

तोडणी. पहिलं फळ.

मी ठरवलं होतं की पहिलं मी तोडणार. पाचव्या ओळीतल्या एका खराट्यापाशी गेलो, देठाला कात्री लावली आणि फळ हातात आलं. पिवळं, सैल सालीचं, हाताला गार. थूलांच्या झाडाचं. मी रडलो. रूपरावजी बघत होते, त्यांनी तोंड फिरवलं, भला माणूस.

ते फळ विहारात ठेवलं. दुसरं अन्नपूर्णेनं तोडलं. तिसरं रूपरावजींना दिलं. सोलून तोंडात टाकून म्हणाले, "जरासं आंबट हाये." मग म्हणाले, "पहिलं हाये ना. पहिलं असंच रायते." आणि पूर्ण खाल्लं.

९ मार्च

मयुरीनं समुद्रपूर भागातले पस्तीस शेतकरी बाग पाहायला आणले. तिनं तीस सांगितलं होतं, मी मोजले. एका बाजूला पाट्यांत भरलेलं मृगाचं फळ, दुसऱ्या बाजूला विहिरीकडच्या ओळीवर मुगाएवढी कोवळी फळं. एकाच बागेत दोन बहार, लोक चक्रावून गेले.

मी सकाळीच दाढी केली होती. काय बोलायचं ते मनात मांडून ठेवलं होतं, बाबांपासून सुरुवात. एका तरुण शेतकऱ्यानं त्या ओळीकडे बोट करून विचारलं, "काकाजी, ह्या वीस झाडाचा ताण तुमी कसा देला?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मयुरीही. अन्नपूर्णा मागे पाण्याचा जग घेऊन उभी होती.

मी म्हटलं, "तो मी नाई देला. ही ओळ तिची हाये. तिले इचारा." आणि जाऊन तिच्या हातातला जग घेतला.

ती आधी पदरच सावरत राहिली. मग बोलायला लागली. माती कशी चाचपायची, पान किती वळलं की घाबरायचं नाही, चढावर पाणी कसं चढत नाही, आणि गुंडानं पाणी दिल्यामुळे एक बहार कसा गेला, तेही. स्वतःची चूक पस्तीस जणांसमोर अशी सांगितली की कोणी हसलं नाही. दोघातिघांनी वहीत लिहून घेतलं. छत्तीस वर्षांत तिला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. छाती अशी भरून आली, जशी माझ्या स्वतःच्या कुठल्याच गोष्टीनं कधी आली नव्हती.

कोणीतरी विचारलं, "काकू, ताण किती दिवसाचा?"

"चाळीस दिवसाचा," ती म्हणाली.

या वहीत एक्केचाळीस आहेत. मी टोकलं नाही. लोकांना पाणी वाटत राहिलो.